चिंगीचा चेंडू, नानांची शिट्टी

"मांजर चेंडू आणून देतं? काहीतरीच काय सांगताय! जन्म गेला माझा मांजरांत."

माई लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या होत्या. काल रात्री परतल्या आणि आज सकाळी तुळशीला पाणी घालून थेट गडग्याशी हजर. आमच्या दोन घरांमधला हा चिऱ्यांचा गडगा जेमतेम कमरेएवढा. आळीतल्या निम्म्या बातम्या त्याच्यावरून इकडच्या तिकडे होतात, उरलेल्या मासेवालीच्या पाटीतून येतात. थकबाकी बरीच होती. नातवाचं नाव काय ठेवलं, विहिरीचा पंप कोणी जाळला, कोणाच्या फणसावरून कोणाचा अबोला झाला, हे सगळं भराभर उरकलं. मग मी नानांच्या चिंगीचं काढलं आणि माईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. तांब्या खाली ठेवला म्हणजे आत दूध उतू गेलं तरी माई हलायच्या नाहीत.

"चिंगी म्हणजे ती पट्ट्यापट्ट्यांची ना? गेल्या पावसात लाकडाच्या खोपीत सापडली ती?"

"तीच. अजून वर्षाची व्हायचीय."

"आणि ती नानांना चेंडू आणून देते."

"नानांना नंतर. आधी वहिनींना. आणि त्यावरून घरात काय रामायण झालं, ते ऐका तरी."

नानांचा जन्म एसटीत गेला, वाहतूक नियंत्रक म्हणून. निवृत्त झाले तरी शिट्टी काही सुटली नाही. त्यांचा कुत्रा टायगर होता तेव्हा आळीतल्या सगळ्यांनी पाहिलंय. नाना चेंडू फेकायचे, शिट्टी मारायचे, टायगर उधळत जाऊन चेंडू आणायचा आणि पायाशी ठेवून पुढच्या हुकमाची वाट बघत उभा राहायचा. टायगर गेला आणि नानांचं जेवणावरचं लक्षच उडालं. मग ही चिंगी जरा हाताशी आल्यावर त्यांनी मनावर घेतलं. हिलाही शिकवायचं. रोज सकाळी सव्वासातला, चहा झाल्यावर, खळ्यात.

"सव्वासात म्हणजे सव्वासात," माई म्हणाल्या.

"त्याआधी एक मिनिट नाना खळ्यात उभे. हातात टायगरचा जुना टेनिसचा चेंडू. तो चिंगीच्या डोक्यापेक्षा मोठा! ती तोंडात धरणार कशी? पण नानांना कोण सांगणार. फेकला, शिट्टी मारली. चिंगीने चेंडू गेला तिकडे बघितलं, मग नानांकडे बघितलं आणि मागचा पाय वर करून चाटायला बसली. नाना गेले, चेंडू उचलून आणला, परत फेकला. चिंगीने दुसरा पाय चाटायला घेतला. असं कित्येक सकाळी चाललं. शेवटी वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, 'अहो, छान आणता हो तुम्ही. आता पायाशी ठेवायला शिका.'"

माईंनी पदर तोंडाला लावला. "वहिनी बोलल्या असं?"

"बोलल्या. आणि त्यांना बोलायला तोंडही होतं, कारण इकडे नानांची ही परेड चाललेली असताना तिकडे माजघरात भलतंच घडत होतं."

झालं होतं असं. वहिनी संध्याकाळी वाल सोलायला बसतात, समोर टीव्हीवर मालिका. वाण्याच्या सामानाचा कागद हाताला लागला, तो चुरगाळून त्यांनी कोपऱ्यातल्या सुपात टाकला. नेम चुकला. चिंगी धावली, कागदाचा बोळा तोंडात धरला आणि वहिनींच्या मांडीशी आणून टाकला. वहिनींचं लक्ष मालिकेत. त्यांनी न बघताच परत भिरकावला. तिने परत आणला. मालिकेतल्या सासूचं बोलणं संपेपर्यंत हे चाललं आणि वहिनींना पत्ताच नाही की आपण मांजराशी खेळतोय. जाहिराती लागल्या तेव्हा लक्षात आलं.

"आणि नानांना सांगितलं नाही?"

"मुळीच नाही. मला सांगितलं, इथेच, गडग्यावर. म्हणाल्या, 'ह्यांना कळलं तर ह्याचंही वेळापत्रक करतील.'"

नानांना कळलं ते नातीमुळे. मोठ्या मुलाची मुलगी शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयात आहे, ती सुट्टीला आली होती. तिने माजघरातला प्रकार पाहिला आणि जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, आजी, तुझं मांजर फेच करतं! नानांचा घास हातात राहिला. नातवंडांना घरात काय बोलायचं नाही हे कोणी शिकवत नाही, हा आपल्याकडचा मोठाच दोष आहे.

पण पोरगी हुशार. तिने आजोबांना नीट बसवून सांगितलं की यात मानापमान धरायचं कारण नाही, मांजरांचं असंच असतं. इंग्लंडात ससेक्स विद्यापीठातल्या जेमा फोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मोठी पाहणी केली, 2023 साली छापून आली. ज्यांची मांजरं फेकलेली वस्तू आणून देतात अशा 924 मालकांना प्रश्न विचारले, 1,154 मांजरांची हकिगत गोळा केली. त्यातल्या 94.4 टक्के मांजरांना हे कोणी शिकवलेलंच नव्हतं. कुठे केसाचं रबर घरंगळलं, कुठे बाटलीचं झाकण उडालं, मांजराने उचलून आणलं आणि खेळ सुरू झाला.

"विलायती मांजरं ती. सयामी नाहीतर कसली कसली," माई म्हणाल्या.

"तिथेच फसलात. बहुतेक आपल्या चिंगीच्याच जातकुळीतली. म्हणजे जात ना कूळ. जातिवंत होती त्यांत सयामी जास्त, एवढं मात्र खरं."

"मग सगळ्यांचीच मांजरं आणत असतील की. आमचा बोका कसा आणत नाही?"

हा प्रश्न रास्त होता. त्या पाहणीत आणून देणाऱ्या मांजरांचेच मालक होते, तेव्हा एकूण मांजरांतली किती आणतात ते तिच्यावरून कळत नाही. त्याचं उत्तर पुढच्या वर्षी अमेरिकेतून आलं. पर्ड्यू विद्यापीठाच्या मिकेल डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी आठ हजारांवर मांजरांची आणि सत्तर हजारांवर कुत्र्यांची माहिती तपासली. कधीमधी तरी वस्तू आणून देणारी मांजरं निघाली 40.9 टक्के. कुत्रे 77.8 टक्के.

"म्हणजे शंभरातले वीसबावीस कुत्रेही आणत नाहीत?" माईंनी बरोबर तेवढंच उचललं. "आणि लोक उगाच मांजराला नावं ठेवतात!"

"नानांना हे आकडे ऐकून बरं वाटलं असेल म्हणता? छे! त्यांना झोंबलं ते निराळंच. त्या ससेक्सच्या पाहणीत असंही निघालं की खेळ सुरू कधी करायचा आणि थांबवायचा कधी, हे बहुतेक वेळा मांजर ठरवतं. मालकाने सुरू केलेल्या खेळापेक्षा मांजराने सुरू केलेला खेळ जास्त रंगतो. नाना ताडकन म्हणाले, 'म्हणजे गाडी कधी सोडायची हे प्रवाशाने ठरवायचं?'"

"मग नात काय म्हणाली?"

"म्हणाली, 'हो आजोबा. आणि कंट्रोलरने ऐकायचं.'"

माझं विचाराल तर सगळं मर्म यातच आहे. आणणं मांजराच्या रक्तात आहे. मांजरी पिल्लांना शिकार शिकवते ती कशी? आधी मेलेला उंदीर आणून पुढ्यात टाकते, मग जिवंत. माईंच्या उशाशी त्यांच्या बोक्याने किती पाली आणून ठेवल्यात याची मोजदाद नाही. दबा धरणं, झडप घालणं, चावणं, तोंडात धरून सुरक्षित जागी नेणं, हे सगळं उपजत आहे. उपजत नाही ते सोडणं. शिकार तोंडातून सोडून दुसऱ्याच्या हाती देणं तिच्या हिशेबात बसत नाही. म्हणून शिकवायचंच असेल तर तेवढं एकच शिकवायचं, आणि लोक नेमकं तिथेच घोटाळतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका संध्याकाळी मी वाटी परत करायला गेले होते तेव्हा पडवीत बसून पाहिलं. वहिनी पाटावर, नात भिंतीला टेकून, नाना झोपाळ्यावर उगाच पेपर धरून. वहिनींनी कागदाचा बोळा पडवीच्या टोकाला टाकला. चिंगीने पोट जमिनीला टेकवलं, मागचं अंग डावीउजवीकडे हलवलं आणि सुटली. बोळ्यावर दोन्ही पंजे, मग दातांत. मान ताठ करून, कान पुढे, ती परत आली. पण वहिनींपर्यंत नाही. दोन हात अलीकडे थांबली, बोळा पुढच्या पायांत ठेवला आणि बसून राहिली. झालं, नानांना राहवेना. झोपाळ्यावरून उतरून त्यांनी हात घातला. चिंगीने बोळा उचलला आणि थेट कपाटाखाली! नाना ओणवे होऊन झाडूने ढोसतायत, ती आतून बघतेय. तिला वाटलं, आता हा नवा खेळ, पकडापकडीचा. आणि तो तिला जास्त आवडला.

"स्वाभाविक आहे," माई म्हणाल्या. "नाना ओणवे झालेले कोणालाही आवडेल."

नातीने मग आजोबांना परत झोपाळ्यावर बसवलं आणि वहिनींना रीत दाखवली. पुढे वाकायचं नाही, हात मांडीत. मांजर दोन हातांवर थांबलं तर आपण त्याच्याकडे जायचं नाही, उलट किंचित मागे सरकायचं. दुसऱ्या मुठीत अगदी तस्साच दुसरा बोळा ठेवायचा आणि तो जरासा कुरकुरवायचा. चिंगीचे कान लगेच फिरले. डोळे त्या मुठीवर. आणि तोंडातला बोळा आपोआप गळाला. त्याच क्षणी नातीने बॉलपेनचं बटण टिक् केलं, माशाचा कण टाकला आणि वहिनींनी दुसरा बोळा फेकला. पुढच्या खेपेला कण थोडा अलीकडे, वहिनींच्या गुडघ्यापाशी. मग मांडीशी. मग हातावर. आणून सोडलं की खाऊही मिळतो आणि बोळा परत उडतोही, असा दुहेरी फायदा तिच्या ध्यानात आला. मांजराला फायदा पटकन कळतो.

"ते पेनचं टिक् कशाला?"

"ती खूण. नेमकं कुठल्या क्षणी बरोबर केलंस, ते तिला कळावं म्हणून. आपण 'शाब्बास गं माझी बाय' म्हणेपर्यंत ती भलतीकडे बघत असते, मग तिला वाटतं भिंतीकडे बघण्याबद्दल मासा मिळाला. टिक् कसं, तत्क्षणी होतं. हे तंत्र घरोघरी पोचवलं ते कॅरन प्रायर नावाच्या अमेरिकन बाईंनी. 1960 च्या दशकात त्या हवाईला डॉल्फिन शिकवायच्या. पाण्यातल्या प्राण्याला दोरी बांधून ओढता येत नाही, रागावून उपयोग नाही. तेव्हा बरोबर केलं की खूण, खुणेमागून मासळी. पुढे 1984 साली त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. आणि माई, डॉल्फिनसाठी खूण कशाची करतात सांगू? शिट्टीची!"

"अगंबाई! मग नाना..."

"नानांनी पेपर फेकला आणि शर्टाच्या आतून शिट्टी काढली. 'बघ, मी म्हणत नव्हतो?' नात नको नको म्हणेपर्यंत फुंकलीसुद्धा. पडवीत! आपले कान दणाणले, मांजराचं काय झालं असेल? त्यांना आपल्याहून कितीतरी बारीक आणि वरच्या पट्टीतलं ऐकू येतं. चिंगी जी बंबामागे गेली ती रात्री जेवणं झाल्यावरच बाहेर आली. तेव्हापासून शिट्टी खुंटीला."

माईंनी हळहळ व्यक्त केली. ती शिट्टीसाठी होती की चिंगीसाठी, ते कळलं नाही.

आता खाऊची भानगड. ती तर माझ्याच घरातून सुरू होते. नानांचं घर पडलं शाकाहारी. पहिल्यांदा नानांनी काय केलं असेल? कंदी पेढा आणला. चिंगीने हुंगला, जरासा चाटला, तोंड फिरवलं. नानांना अपमान वाटला, पण त्यात अपमान कसला? मांजराला गोड लागतच नाही. गोडाची चव ओळखणारा जिभेवरचा जो ग्राहक असतो, त्याचं एक जनुक मांजराच्या अख्ख्या कुळात मोडकं आहे, वाघचित्त्यांतसुद्धा. 2005 साली हे शोधून काढलंय.

"मग आमचा बोका बारशाचा पेढा मिटक्या मारत खातो तो?"

"खव्यातल्या तुपासाठी. साखर त्याला कळतच नाही. आणि माई, सारखा देऊ नका. वाढलेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं."

"बघू," माई म्हणाल्या. म्हणजे देणार.

तर वहिनी एका सकाळी गडग्याशी आल्या, इकडे तिकडे बघितलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "आज तुमच्याकडे काय आहे?" माझ्याकडे बांगडे होते. मीठमसाला लावायच्या आधीच एक तुकडा बाजूला काढला, नुसत्या पाण्यात उकडला, काटे वेचले आणि केळीच्या पानात बांधून गडग्यावरून दिला. कालवणातला चुकूनसुद्धा द्यायचा नाही. कांदा आणि लसूण मांजराला बाधतात, रक्त नासतं त्यांचं. सुकटही नको, मीठ फार. आणि कण किती? तुरीच्या डाळीएवढा. त्याहून मोठा दिला की ती खेळ सोडून जेवायला बसते.

"आणि नानांच्या घरातल्या थोरल्या आजी? त्यांच्या सोवळ्याचं काय?"

"त्यांना कळू नये म्हणून तर एवढी लपवाछपवी. वहिनी पुडी पदराखाली घेऊन मागच्या दाराने. नात बाहेरच्या नळावर चारचारदा हात धुतेय. असं बरेच दिवस चाललं आणि एक दिवस आजी माळ ओढता ओढता म्हणाल्या, 'चिंगीचा प्रसाद आला का गं आज? सरंगा दिसत नाही बरेच दिवसांत.'"

माई हसून हसून गडग्याला टेकल्या. त्या नव्वदीच्या आजींना दिसत नाही, ऐकू येत नाही असं सगळ्या आळीने धरून चाललंय, आणि आजी त्याचा पुरेपूर फायदा घेतात.

एक गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेत नाही, म्हणून माईंनाही जरा आवाज चढवूनच सांगितली. बोळा कागदाचा. त्यालाही टाचणी नको, पिन नको, ओला होऊन लगदा झाला की टाकून द्यायचा. लोकर, सुतळी, गजऱ्याचा दोरा, केसांचं रबर, हे मांजरापुढे सोडायचं नाही. त्यांच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि सगळे घशाच्या दिशेने वळलेले. दोरा एकदा जिभेला लागला की मांजराला थुंकता येत नाही, तो आतच जातो. आतडं त्या दोऱ्यावर गोळा होत जातं. वरच्या आळीत एका मांजरीने गजऱ्याचा दोरा गिळला होता. पोट उघडून काढावा लागला तेव्हा वाचली. आणि तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, तसंच्या तसं डॉक्टरकडे न्यायचं. ओढलं तर आतडं कापलं जातं.

"माझ्या लोकरीच्या टोपलीला झाकण नाही," माई एकदम गंभीर झाल्या. नातवाचं स्वेटर चाललंय त्यांचं.

"आजच घाला."

मग त्या म्हणाल्या, "पण काही म्हणा, कुत्र्याची अक्कल ती कुत्र्याची. त्याला हाक मारली की येतो. मांजराला नाव तरी कळतं का?"

नाव कळतं. आवाजही कळतो. जपानात अत्सुको साइतो या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने घरोघरी जाऊन मांजरांना नावाने मारलेल्या हाकांच्या ध्वनिफिती ऐकवल्या, आधी परक्यांच्या, मग मालकाची. 2013 साली त्यांनी छापलं की मांजरं मालकाचा आवाज ओळखतात. कान हलवतात, मान वळवतात. फक्त उठून येत नाहीत.

"आमच्या ह्यांचं अगदी तसंच आहे," माई म्हणाल्या.

अकलेचं म्हणाल तर बक्षीस मिळालं की वागणं पक्कं होतं, हा जो सिद्धांत आज शाळेपासून सर्कशीपर्यंत सगळे वापरतात, त्याची सुरुवातच मांजरांपासून झाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक म्हणून एक तरुण होता. तो भुकेल्या मांजरांना लाकडी खोक्यात बंद करायचा, बाहेर मासळी ठेवायचा. आत कुठेतरी एक दोरी नाहीतर खिट्टी. मांजर आधी ओरबाडतं, गजांतून पंजा घालतं, चुकून खिट्टीला पाय लागतो, दार उघडतं. दर खेपेला वेळ कमी होत जातो. 1898 साली त्याने ते सगळं छापलं. नातीने ही हकिगत सांगितली मात्र, नाना माळ्यावर चढले आणि आंब्याची पेटी घेऊन खाली आले. चिंगीला आत ठेवलं, फळी लावली, घड्याळ हातात घेतलं. पेंढा मऊ होता. चिंगी झोपली. नाना तासभर घड्याळ बघत उभे.

"बाहेर आलीच नाही?"

"वहिनींनी वाल निवडायला घेतले तेव्हा आली. फळी कशी सरकवली ते कोणी पाहिलं नाही. नानासुद्धा त्या क्षणी डास मारत होते."

या सगळ्यात नानांचा एक गैरसमज मात्र नातीने दूर केला, आणि माझाही. कधीकधी बोळा चिंगीच्या अगदी नाकासमोर पडायचा आणि ती इकडे तिकडे शोधत बसायची. नाना म्हणायचे, नाटकं करते. नाटक नव्हे. मांजराला लांबचं हलतं ते झटकन दिसतं, पण वीतभर अंतराच्या आतलं धूसर होतं, तिथे नजर ठरतच नाही. त्या टप्प्यात ती मिशांवर काम करते, शिकार जवळ आली की मिशा पुढे झुकवून चाचपते. म्हणून बोळा तिच्या अंगावर टाकायचा नाही, तिच्यापासून लांब जाईल असा, जमिनीलगत सरपटत टाकायचा. वहिनींचा हात मूळचाच तसा आहे, नाना मात्र अजून बोलिंग टाकल्यासारखे टाकतात.

"अजून? म्हणजे नाना खेळतात?"

"तेच तर सांगायचं राहिलं! माई, आता ती वहिनींकडे आणतच नाही. नानांकडे आणते."

हे कसं झालं ते देवालाच ठाऊक. मला विचाराल तर नाना तेवढ्यात नाद सोडून स्वस्थ बसायला लागले होते, पेपर वाचत, तिच्याकडे न बघता. मांजराला न बघणारा माणूस फार आवडतो. एका संध्याकाळी दिवेलागणीला तिने बोळा आणून नानांच्या पायावर टाकला. नानांनी पेपरआडून बघितलं. हललेच नाहीत. मग हळूच पायाच्या अंगठ्याने बोळा ढकलला. ती धावली, घेऊन आली. वहिनी आतून बघत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाना वाण्याकडून जास्तीचे कागद मागून घेऊन आले.

आता त्यांचं असं चालतं, की सकाळचं सव्वासात बंद. चिंगी येते ती पहाटे पाचला, बोळा नानांच्या छातीवर ठेवते आणि तोंडाशी तोंड नेऊन बसते. नाना उठतात! बायकोने हाक मारली तर चारदा कूस बदलणारा माणूस, दिवा लावून पडवीत जातो आणि बोळा टाकतो. पाचसात फेऱ्या झाल्या की चिंगीचा रस संपतो, ती मध्येच बोळा टाकून निघून जाते, आणि नाना 'चला, आजची ड्यूटी संपली' म्हणून चहा टाकतात. वहिनींना लग्नानंतर पहिल्यांदा आयता चहा मिळतोय.

"हे बाकी मांजराचे उपकार," माई म्हणाल्या, आणि जरा वेळ गप्प राहून, बोटाने गडग्यावरची शेवाळ खरवडत त्यांनी विचारलं, "आमच्या बोक्याला जमेल?"

मी जपूनच बोलले. तो बोका नऊदहा वर्षांचा, माईंच्या पलंगाचा खरा मालक. "त्या पाहणीत बहुतेकांची सुरुवात वर्षाच्या आतच झालेली होती. आणि दुसऱ्या पाहणीतही घरात राहणारी, तरुण मांजरंच जास्त आणणारी."

"म्हणजे म्हातारा झाला म्हणताय."

"मी कुठे म्हटलं? तो आपणहून तोंडात काय उचलतो ते आधी बघा. तिथून सुरुवात करायची. जेवणाआधी, भूक असताना, दोनतीन फेऱ्या फक्त, आणि तो कंटाळायच्या आत आपण थांबायचं."

"ह्यांचे मोजे उचलतो."

"मग मोजा टाका की!"

"अहो, मोजा टाकीन मी, पण तो आणायला हेच उठतील. ह्यांना आपली वस्तू दुसऱ्याने हलवलेली चालत नाही." माई थांबल्या, डोळे बारीक केले. "आणि ती नात कधी जाणारे परत? तिला एकदा बोका दाखवून घेतला असता. कानही खाजवतो हल्ली."

"ती ना? ती परवा जायची होती, आता लांबलंय."

"का?"

"बघायला येणार आहेत तिला."

"अगंबाई, शिक्षण पुरं व्हायच्या आत? कुठले? आपल्याकडचे की घाटावरचे?"

"थांबा, गॅस बंद करून येते. मग सगळं सांगते."